सूचना कुणी दिली?

बाई कधीच कुणाला नुसतं "या" म्हणत नसत.

माझी पहिली नेमणूक चोपडा तालुक्यातल्या एका लहानशा गावात झाली. वर सातपुडा, खाली केळीच केळी, आणि गावाच्या टोकाला पहिली ते चौथीची दोन शिक्षकांची शाळा. मी चाळीसगावची, रेल्वेच्या आवाजात वाढलेली. इथली शांतता मला पहिल्याच दिवशी कानात टोचली. ऑफिसच्या दारात उभं राहून मी विचारलं, "येऊ का, बाई?" टेबलामागच्या बाईंनी मान वर केली नाही. म्हणाल्या, "दारातून आत या. टेबलापर्यंत या. उजवीकडची खुर्ची घ्या. बसा." मी बसले. हातातलं लिहून झाल्यावर त्यांनी पेनला टोपण लावलं आणि म्हणाल्या, "आता बोला."

मला वाटलं, चांगलीच खडूस मुख्याध्यापिका वाट्याला आली. पण बाई खडूस नव्हत्या. मुलांवर त्यांनी कधी हात उचलला नाही, आवाजसुद्धा चढवला नाही. उंच, हडकुळ्या, चष्म्याला दोरी बांधलेली, मान कायम जराशी कललेली, जणू शेजारच्या खोलीतलं काही ऐकू येतंय का बघताहेत. निवृत्तीला वर्षही उरलं नव्हतं. त्यांचं बोलणं तेवढं विचित्र होतं. एखाद्या पोराला तहान लागली तर त्या "जा, पी" असं म्हणत नसत. "टाकीपर्यंत जा. पाणी पी. परत ये. जागेवर बस." आणि ते पोर परत येऊन बसेपर्यंत फळ्याकडे वळत नसत. खडू हातात तसाच, नजर दाराकडे. एकदा एका मुलाला टाकीपाशी सरडा दिसला आणि तो तिथंच रमला. बाई दहा मिनिटं तशाच उभ्या होत्या. तो आला, बसला, तेव्हा त्यांनी श्वास सोडलेला मला ऐकू आला.

शाळा सुटतानाही तसंच. प्रत्येकाला नावानिशी घरापर्यंतची वाट सांगायच्या. "घरात शीर, आईला दिस, मग खेळ." आईला दिस. हे दोन शब्द त्या कुणाच्याही बाबतीत गाळत नसत.

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत आम्हा दोघींना जळगावला प्रशिक्षणासाठी जावं लागलं. कुठल्याशा कंपनीने काही शाळांना टॅब दिले होते आणि तिसरी-चौथीच्या मुलांना प्रोग्रामिंग शिकवायचं होतं. रंगीत ठोकळे एकाखाली एक जोडायचे, की पडद्यावरची बाहुली तसं चालते, वळते, उडी मारते. सुट्टी बुडाली म्हणून सगळा हॉल वैतागलेला. शिकवणारा मुलगा पुण्याचा होता, हसतमुख. बाई पहिल्या रांगेत वही उघडून बसलेल्या.

"सर, चुकीची सूचना दिली तर यंत्र काय करतं?" बाईंनी विचारलं.

"चुकीचंच करतं, मॅडम. त्याला कळत नाही."

"आणि थांब सांगायचं राहून गेलं तर?"

"मग करतच राहतं."

"कुठवर?"

"बॅटरी संपेपर्यंत!" तो म्हणाला आणि हॉल हसला. बाई हसल्या नाहीत.

"मग दोष कुणाचा?"

"ज्याने सूचना दिली त्याचा. ऐकणाऱ्याचा दोष कधीच नसतो."

बाईंनी ते वाक्य वहीत उतरवलं. त्याच्याखाली एक रेघ ओढली. पुन्हा तिथंच दुसरी ओढली. येताना एसटीने तापीचा पूल ओलांडला. पुलापलीकडे गेल्यावर खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "हे मला आधी कुणी शिकवायला हवं होतं."

टॅब मात्र त्यांनी दोन महिने कपाटातून काढलेच नाहीत. "आधी सांगायला शिकू द्या," म्हणाल्या. पहिला धडा पाण्याचा झाला. टेबलावर माठ, तांब्या आणि पेला. बाई म्हणाल्या, "मी यंत्र. मला पाणी प्यायला शिकवा." मुलं खूश. एकजण म्हणाला, "तांब्या माठात बुडवा." बुडवला. दुसरा म्हणाला, "पेल्यात पाणी ओता." बाई ओतू लागल्या. पेला भरला. त्या ओततच राहिल्या. तांब्या संपला, पुन्हा बुडवला, पुन्हा ओतला. पाणी टेबलावरून खाली आलं, सतरंजीखाली गेलं. मुलं आधी हसली. मग हसायची थांबली, कारण बाईंच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काहीच नव्हतं. पापणीही लवत नव्हती. माठाच्या तळाला तांब्या खरवडल्याचा आवाज आला तेव्हा तिसरीतली एक मुलगी रडायला लागली. "बाई, पुरे ना. बाई, तुम्हाला काय झालं?" बाई ओततच होत्या. शेवटी मागून रायली म्हणाली, "थांब."

बाईंचा हात जिथल्या तिथं थांबला. चेहऱ्यावर बाई परत आल्या.

रायली चौथीत होती. डोंगराकडच्या पाड्यावरून यायची. घरी पावरी बोलायची, त्यामुळे मराठीच्या तासाला ती मुकी असायची. पण सूचनांची भाषा तिला सगळ्यांच्या आधी कळली. हजेरीपटावर तिचा नंबर पहिला.

त्यानंतर ओट्यावर आणि अंगणात खडूचे चौकोन आले आणि "यंत्राचा खेळ" सुरू झाला. एकाने यंत्र व्हायचं, डोळ्यांना रुमाल बांधायचा. बाकीच्यांनी सूचना द्यायच्या. दोन पावलं पुढे, उजवीकडे वळ, वाटी उचल. यंत्राने स्वतःच्या मनाने काही करायचं नाही. बाईंचा एकच नियम होता: आधी थांबायचं कुठे ते ठरवायचं, मग चालायला सांगायचं. खेळ सुरू होण्याआधी त्या स्वतः अंगणाला फेरी मारायच्या, भिंतीला हात लावत लावत, पूर्ण.

चौकोनांची सुरुवात शून्यापासून. यंत्र शून्यापासून मोजतं, हे प्रशिक्षणात सांगितलं होतं. रांगेत रायली एक, पुढचा दोन, असं. एकच्या आधी शून्याचा चौकोन रिकामा. मी एकदा सहज त्या चौकोनात उभी राहिले तर अख्खा वर्ग दचकला. "मॅडम, तठे नका उभं ऱ्हाऊ," एक मुलगा घाबऱ्या आवाजात म्हणाला, "ती शून्यनी जागा शे." मी हसून बाजूला झाले. मग बाईंनी हजेरी घेतली. "शून्य." आणि त्या थांबल्या. एखादं पोर "हजर" म्हणेल तेवढा वेळ. मग "एक." रायली म्हणाली, "हजर." सगळी मुलं या थांबण्याला सरावलेली होती. त्या वेळात कुणी खोकतसुद्धा नसे.

टॅब निघाले तेव्हा मुलांनी तासाभरात बाहुली चालवून दाखवली. एकाने थांबायचा ठोकळा लावला नाही आणि बाहुली चालत चालत पडद्याच्या कडेला गेली आणि दिसेनाशी झाली.

"कुठं गेली?" बाईंनी विचारलं.

"बाहेर गई, बाई."

"मग संपली का?"

मुलं विचारात पडली. रायलीने मान हलवली. नाही.

"बरोबर," बाई म्हणाल्या. "ती अजून चालतेच आहे. आपल्याला दिसत नाही, एवढंच." आणि टॅब बंद करायला त्यांनी कितीतरी वेळ लावला. आधी त्या मुलाकडून थांबायचा ठोकळा लावून घेतला, बाहुली परत आणवली, मगच.

मी हे सगळं संध्याकाळी फोनवर आईला हसत हसत सांगायचे. हसणं मार्च महिन्यात संपलं.

त्या दिवशी बाईंना चोपड्याला मीटिंग होती. त्या सकाळच्या पहिल्या गाडीनेच गेल्या, त्यामुळे भिंतीला हात लावत फेरी झाली नाही. आदल्या संध्याकाळी केळीचा ट्रक मागे घेताना मागची भिंत एका ठिकाणी पडली होती, बैलगाडी जाईल एवढी. मी ते सकाळीच पाहिलं होतं. सरपंचांना फोनही केला होता. म्हणजे मला माहीत होतं.

जेवणाच्या सुट्टीनंतर मुलांनी यंत्राच्या खेळाचा हट्ट धरला. रायली यंत्र झाली. मी म्हटलं, आज नवीन सूचना शिकू: अमुक होईपर्यंत तमुक करत राहा. रायलीला शून्याच्या चौकोनामागे तिच्या चौकोनात उभं केलं, रुमाल बांधला. इतक्यात केंद्रप्रमुखांचा फोन आला. ऑनलाइन माहिती आत्ताच्या आत्ता भरा, जिल्ह्यावरून विचारणा आहे. नेटवर्क फक्त शाळेच्या पुढच्या बाजूला, रस्त्यावर यायचं. मी जाता जाता रायलीला म्हटलं, "भिंत लागेपर्यंत सरळ चालत राहा." आणि बाकीच्यांना म्हटलं, "मी सांगेपर्यंत कुणी जागचं हलायचं नाही. आवाज करायचा नाही."

माहिती भरायला पंचवीस मिनिटं लागली. परत आले तर अंगणात मुलं आपापल्या चौकोनात उभी. भर उन्हात, ओळीने, गप्प. रायलीचा चौकोन रिकामा होता.

"रायली कुठे?"

एकाने बोटाने पडलेल्या भिंतीकडे दाखवलं.

"अरे, मग मला हाक का नाही मारली?"

तो माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या ओठांवर घाम आला होता. "तुम्ही सांगेल नव्हतं, मॅडम."



मी भगदाडातून धावले. पलीकडे केळीची बाग. आत दहा पावलांवर काही दिसत नाही, सगळीकडे तीच खोडं, तीच पानं, हिरवा अंधार. मी "रायली, रायली" ओरडत फिरले. गावातली माणसं आली. कुणी नाल्याकडे गेलं, कुणी पाड्याच्या वाटेला. तिचं नाव सगळ्या बागेतून ऐकू येत होतं आणि तिचं उत्तर येत नव्हतं.

चारला बाई आल्या. गेटपाशीच त्यांना कळलं. त्या माझ्याजवळ आल्या, आणि रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "शेवटची सूचना काय होती? शब्द न बदलता सांगा."

मी सांगितली.

"आणि बाकीच्या मुलांना?"

"मी सांगेपर्यंत कुणी हलायचं नाही. आवाज करायचा नाही."

बाईंचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी माझ्या दंडाला धरलं, आधाराला धरतात तसं. मग सोडलं. "लोक तिला नावाने हाका मारताहेत," त्या म्हणाल्या. "नाव ही सूचना नाही. ती नाही ओ देणार." त्या रायलीच्या चौकोनात जाऊन उभ्या राहिल्या, भिंतीच्या भगदाडाकडे तोंड करून. माझी ओढणी मागितली आणि स्वतःच्या डोळ्यांवर बांधली. "डोळे उघडे असले की माणूस वाट शोधतो. तिने शोधली नसेल. मला धरू नका. मागून या."

आणि त्या चालू लागल्या. पायाखाली विटा आल्या, त्या अडखळल्या, सावरल्या. बागेत शिरल्या. केळीच्या दोन ओळींमध्ये सरळ वाट असते, माणसाच्या खांद्याला पान लागत नाही. बाई पुटपुटत पावलं मोजत होत्या. ठिबकमुळे माती ओली होती, चपलांचा पचपच आवाज येत होता. वाटेत बांधावर एक शेतमजूर गुडघ्यात डोकं घालून बसला होता. आम्हाला पाहून उठला.

"मी दखी तिले," तो मला म्हणाला. "दोनदा हाक मारी. बोलनी नही. हाललीबी नही. मना आंगवर काटा ऊना. माले वाटनं, हाई काही बाहेरनं शे. मी पळी गवू."

"कुठं दिसली?" मी विचारलं. पण बाई थांबल्या नव्हत्या, त्यांना मी थांबा म्हटलं नव्हतं. मी पुढे पाहिलं आणि केळीच्या पानांमागे जमीन संपलेली दिसली. जुनी विहीर. कठडा नाही, काही नाही, गवत आणि मग एकदम काळोख. बाई सरळ तिच्याकडे चालल्या होत्या.

"थांबा!" मी किंचाळले.

बाई थांबल्या. उजव्या पायाची चप्पल कडेच्या गवतावर होती. एक ढेकूळ सुटलं आणि बऱ्याच वेळाने खाली पाण्याचा आवाज आला.

त्यांनी ओढणी काढली. आम्ही दोघींनी खाली पाहिलं, विहिरीत नव्हे, मातीत. रायलीच्या अनवाणी पायांचे ठसे सरळ रेषेत आले होते, कडेपासून वीतभरावर. तिथं ते जोडीने उभे होते. आणि मग ते उजवीकडे वळले होते. काटकोनात. सहा पावलं. मग पुढे, विहिरीच्या बाजूने, अकरा पावलं. मग डावीकडे सहा. आणि पुन्हा आधीच्याच रेषेत, सरळ.

मी दुसरे ठसे शोधले. तिच्याबरोबर कुणी आलं असेल, कुणीतरी हात धरला असेल. नव्हते. फक्त तिचेच होते.

पुढे विहिरीच्या मोटारीची पडकी खोली होती. तिच्या भिंतीसमोर रायली उभी होती. नाक भिंतीला टेकायला चार बोटं बाकी, हात दोन्ही बाजूंना सरळ, डोळ्यांवर रुमाल. तीन तास ती तशी उभी होती. माणसं तिच्या नावाने शेजारून ओरडत गेली होती.

बाई तिच्यामागे गेल्या, हळूच म्हणाल्या, "मी आले. खेळ संपला. रुमाल सोड. वळ." रायलीने रुमाल सोडला आणि वळली. उन्हाने ओठ फुटले होते. बाई तिथंच मातीत बसल्या आणि तिला पोटाशी धरलं.

पाणी पाजल्यावर मी तिला विचारलं, "रायली, विहिरीपाशी वळलीस कशी? तुला दिसत होतं?"

तिने मान हलवली. नाही.

"मग?"

"तिने सांगितलं. थांब म्हणाली. मग वळ म्हणाली."

"कुणी?"

"पुढं होती ना, ती पोर," रायली म्हणाली, जणू मी भलतंच काही विचारत होते. "रोज माझ्या पुढं असते ती."

मी बाईंकडे पाहिलं. त्या रायलीच्या केसांतली माती काढत होत्या. हात थांबला नाही, पण डोळे मिटलेले होते.

मी पुढे खूप विचार केला. रायलीचा बाप कधी त्या बागेत मजुरीला गेला असेल, तिने विहीर आधी पाहिली असेल. चौकशी केली. कुणी गेलं नव्हतं. पावलांखालच्या मातीचा ओलावा बदलला म्हणून ती थांबली असेल. असेल. पण सहा पावलं, अकरा पावलं, पुन्हा सहा, हे मला कुठेच बसवता आलं नाही.

रायलीची आई पाड्यावरून धावत शाळेत आली तेव्हा अंगणात निम्मं गाव होतं. तिने लेकीला आधी चाचपलं, डोक्यापासून पायापर्यंत. मग उभी राहिली आणि आम्हा दोघींकडे बघत मोडक्या मराठीत विचारलं, "इला चालायला कोणी सांगलं?"

मी खरंच तोंड उघडलं होतं. पण माझ्या शेजारून बाईंचा आवाज आला, स्पष्ट, वर्गात येतो तसा.

"मी सांगितलं."

रायलीची आई त्यांच्याकडे बघत राहिली. शिवी दिली नाही, काही नाही. लेकीला कडेवर घेतलं, चौथीतल्या एवढ्या मोठ्या पोरीला, आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती. मी बाईंच्या खोलीवर गेले. त्या ओट्यावर बसल्या होत्या, पुढ्यात निवडायला घेतलेली मेथी तशीच पडलेली. मी काही विचारायच्या आत त्यांनी सांगायला सुरुवात केली, कुणाशी तरी अर्ध्यावर राहिलेलं बोलणं पुरं करावं तशी.

नोकरीचं पहिलं वर्ष. धुळे जिल्ह्यात साक्रीकडे एक शाळा. पहिलीचा वर्ग. एका शनिवारी मुलांना लपाछपी खेळायला घेतलं. "मी त्यांना म्हटलं, मी सांगेपर्यंत बाहेर यायचं नाही. आवाज करायचा नाही." मग शाळेत कुणी साहेब आले, हेडमास्तरांनी बोलावलं. त्या कामात घंटा झाली, मुलं घरी पळाली. एक मुलगी शाळेमागच्या कडब्याच्या गंजीत लपली होती. ती नाही आली. घरच्यांना वाटलं, आत्याकडे गेली असेल. सकाळी सापडली. साप चावला होता.

"शेजारच्या घरात माणसं होती," बाई म्हणाल्या. "एक हाक मारली असती तर धावली असती. पण तिने आवाज केला नाही. मी सांगितलं होतं ना."



"प्रशिक्षणात शून्य ऐकलं आणि मला तिची जागा सापडली," त्या म्हणाल्या. "मोजणी सुरू होते तिथं. म्हणजे तिला मोजायचं राहणार नाही." मग मेथी पुढे ओढून म्हणाल्या, "काल तिने आपलं काम केलं. आता तुम्ही घरी जा. दार ओढून घ्या. रस्त्याला लागा."

चौकशीला आठ दिवसांनी तालुक्याहून शिक्षण विभागाचे साहेब आले. ऑफिसचं दार बंद करून आम्हा दोघींना समोर बसवलं. बाईंनी आधीच लिहून ठेवलं होतं: सूचना मी दिली, जबाबदारी माझी आहे. साहेबांनी वाचलं आणि चष्मा काढला.

"बाई, त्या दिवशी तुम्ही मीटिंगला होतात. रजिस्टरला तुमची सही आहे."

"खेळ माझा आहे, साहेब. नियम माझे आहेत. सूचना माझीच."

साहेब माझ्याकडे वळले. बाईंनीही मान वळवून पाहिलं. त्या नजरेत विनवणी होती, हे मला फार उशिरा कळलं. मला तेव्हा एवढंच दिसत होतं की निवृत्तीला दोन महिने राहिलेली एक म्हातारी बाई माझ्यासाठी स्वतःला बुडवून घेतेय. आठ रात्री मी झोपले नव्हते.

"साहेब, सूचना मी दिली," मी म्हटलं. "भिंत पडलेली मला माहीत होती. बाई इथं नव्हत्या."

साहेबांनी बाईंचा कागद चार घड्या करून बाजूला सारला. "झालं तर मग. बाई, तुम्ही कशाला डोक्याला त्रास करून घेता? तुमचा यात काही संबंध नाही."

बाई उठल्या. कुणी उठायला सांगितलं नव्हतं. दारापर्यंत गेल्या, कडी काढली आणि बाहेर पडल्या. भिंतीचा आधार घेत चालताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं.

मला नोटीस आली, एक वेतनवाढ थांबली, ते सगळं रीतीने झालं. बाई मात्र त्यानंतर माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. मेअखेर त्या निवृत्त झाल्या आणि धुळ्याला भावाकडे जायला निघाल्या. निरोपसमारंभ त्यांनी होऊ दिला नाही. मी फाट्यावर त्यांची पिशवी घेऊन उभी राहिले. दुपारचं ऊन रस्त्यावर थरथरत होतं.

"बाई, मला खोटं बोलता आलं नाही," मी म्हटलं.

"तुम्ही बरोबरच केलंत." त्या रस्त्याकडे बघत होत्या. "ती गेली तेव्हा पंचनाम्यात सर्पदंश लिहिलं. खरंच होतं ते. तिच्या बापाने मला हात जोडले. म्हणाला, पोरीला तुमचा फार लळा होता, बाई. मला कुणी विचारलंच नाही, मॅडम. हेडमास्तरांनी नाही, पोलिसांनी नाही, तिच्या आईने नाही. एवढ्या वर्षांनी रायलीची आई माझ्यासमोर उभी राहिली आणि तिने विचारलं, कुणी सांगितलं. मी उत्तर दिलं. त्या रात्री मी पहिल्यांदा शांत झोपले."

लांबून एसटी येताना दिसली. बाईंनी पिशवी माझ्या हातातून घेतली.

"साहेबांना सांगितलंत ते सांगितलंत. पाड्यावर जाऊन काही सांगू नका. तिच्या आईजवळ माझं नाव राहू द्या."

त्या गाडीत चढल्या. मी हात केला. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

रायली आता आश्रमशाळेत आहे. तिची आई मला आठवड्याच्या बाजारात भेटते, डोंगरातली बोरं विकायला बसलेली. माझी पिशवी ओढून घेते आणि ओंजळीने बोरं टाकते. नको म्हटलं तरी ऐकत नाही. "तू बरी आहेस मॅडम," म्हणते. मग दर वेळी, आवाज खाली करून विचारते, "ती बाई कुठं आहे?"

"धुळ्याला," मी सांगते.

"माझ्या पोरीला मारणार होती ती," ती म्हणते आणि बाजूला थुंकते.

मी बोरं घेते आणि गप्प राहते.